न धावलेल्या धावकाची नोंद

गेल्या हिवाळ्यातील एका रात्री, घरातील मंडळी निजल्यानंतर संगणकासमोर बसून मी एका अमेरिकन बेसबॉल संघाचे व्यवस्थापकपद चालवीत असता, माझ्या पदरी असलेल्या एका स्थूलदेही कॅचरने जे साहस केले त्याचे स्मरण झाले की अद्यापही तळपायाची आग मस्तकाला जाते. नववा, म्हणजे अखेरचा डाव होता. आम्ही चार धावांनी मागे होतो. एकही गडी बाद झालेला नव्हता आणि हे गृहस्थ दुसऱ्या बेसवर उभे होते. पुढच्या बॅटरने डावीकडे एका बेसचा साधा फटका मारला, चेंडू दोन टप्प्यांत क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला, आणि संबंध हंगामात ज्याला कोणी धावताना पाहिले नव्हते असा हा पुरुष तिसरा बेस ओलांडून सरळ होम प्लेटच्या दिशेने निघाला व तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी बाद झाला. पडद्यावर एक कोरडी ओळ उमटली, आणि माझ्या हुकुमावाचून घडलेल्या या कृत्याची जबाबदारी मात्र व्यवस्थापक म्हणून माझ्याच खाती जमा झाली.

या व्यसनाची दीक्षा मला ज्याने दिली तो माझा भाचा न्यू जर्सीत असतो. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याला सर्व कैफियत ऐकवली, तेव्हा तो खो खो हसला आणि म्हणाला, "मामा, त्या बिचाऱ्याला स्कोअर कुठे ठाऊक असतो? त्याला फक्त स्वतःचा पळण्याचा आकडा ठाऊक!" हे उत्तर अर्धेच खरे होते, पण उरलेले अर्धे शोधावयास मला जी भ्रमंती करावी लागली तिचा वृत्तांत प्रस्तुत प्रकरणात दिला आहे.

ज्या खेळांना सिम्युलेशन म्हणतात त्यांत खेळणारा स्वतः चेंडू टोलवीत नाही की फेकीत नाही. खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवरून त्यांची कागदी किंवा विद्युत् प्रतिरूपे तयार केलेली असतात. आपण त्यांतून संघ निवडावा, क्रम लावावा, कोणाला केव्हा पाठवावे व कोणाला केव्हा परत बोलवावे हे ठरवावे, आणि पुढचे सारे संभाव्यतेच्या हवाली करावे, असा हा प्रकार आहे. अशा खेळांचे भक्त फलंदाजीच्या वा गोलंदाजीच्या निकालांबद्दल फारशी तक्रार करीत नाहीत. तीनशे सरासरीचा बॅटर हंगामाअखेर तीनशेच्या आसपासच येतो. धावकाने मात्र भलत्या वेळी भलतीकडे धूम ठोकली, किंवा जेथे एखादे पोरही सहज घरी आले असते तेथे तो तिसऱ्या बेसवर पाय रोवून उभा राहिला, ही तक्रार ज्याने हे खेळ खेळले आहेत अशा प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी येते. इतर सर्व बाबतींत सत्याशी इतके इमान राखणारी ही यंत्रणा येथेच का घसरते, हा प्रश्न मला विचारार्ह वाटला.

ज्यांचा पिंड क्रिकेटवर पोसलेला आहे अशा वाचकांसाठी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. बेसबॉलचे मैदान म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्याच्या प्रत्येक बाजूची लांबी ९० फूट. एका कोपऱ्यावर होम प्लेट, जेथून बॅटर निघतो आणि उरलेल्या तीन बेसांना वळसा घालून जेथे परतल्यावाचून धाव रुजू होत नाही. तीन गडी बाद झाले की डाव उलटतो, आणि नऊ डावांत मिळून प्रत्येक संघाच्या वाट्याला अवघे २७ बळी येतात. क्रिकेटमध्ये आपण ज्याला चोरटी धाव म्हणतो ती दोन फलंदाजांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून, हो-नाही करीत काढावयाची असते, आणि ती नाकारली तर एका धावेपलीकडे नुकसान नसते. बेसबॉलमधला धावक तिसऱ्या बेसकडे वळला की चेंडूकडे त्याची पाठ होते. म्हणून तिसऱ्या बेसजवळ कोच नावाचा एक मुखत्यार उभा केलेला असतो. त्याने हात चक्रासारखा फिरवला तर धावत सुटावे, आणि दोन्ही तळवे समोर धरले तर जेथे आहो तेथे गोठावे, असा शिरस्ता आहे. धावणे, चेंडू उचलणे, मधल्या गड्याने तो घेऊन फेकणे, कॅचरने पकडणे या चार घटनांची शर्यत त्या मुखत्याराला दीड-दोन सेकंदांत मनात पळवून पाहावी लागते.

त्या निर्णयामागे एक निश्चित गणित आहे. जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडाच्या संरक्षण खात्यातील एका संशोधकाने, आपल्या वडिलांनी शेकडो सामन्यांच्या हाताने करून ठेवलेल्या नोंदींच्या आधारे, १९६३ मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात ते मांडले. बेसांवर कोण आहे आणि किती गडी बाद आहेत, यांच्या एकंदर २४ स्थिती होतात; आणि प्रत्येक स्थितीतून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात हे जुन्या नोंदींवरून काढता येते. १९९९ ते २००२ या चार हंगामांचे जे कोष्टक पुढे प्रसिद्ध झाले त्यातील काही आकडे घेऊन आपण माझ्या कॅचरचाच प्रसंग तपासून पाहू.

धावक दुसऱ्या बेसवर आहे, एका बेसचा फटका लागला आहे, तो तिसऱ्या बेसपाशी आला आहे. कोणीही बाद नसता त्याला थांबवले तर पहिल्या व तिसऱ्या बेसवर एकेक माणूस राहतो, आणि त्या स्थितीची सरासरी किंमत १.९० धावा आहे. पाठवला आणि तो पोहोचला तर एक धाव हाती येते आणि पहिल्या बेसवरील माणसाचे ०.९५ राहतात, बेरीज १.९५. पाठवला आणि तो बाद झाला तर शिल्लक राहते ०.५७. म्हणजे जिंकले तर पाच शतांश धावेचा लाभ आणि हरले तर सव्वा धावेहून अधिक तोटा. हा जुगार शंभरात ९६ वेळा जिंकण्याची खात्री असेल तरच बरोबरीत सुटतो. आता एक गडी बाद आहे असे धरा: थांबल्यास १.२४, पोहोचल्यास १.५७, बाद झाल्यास ०.२५, येथे शंभरात ७५ ची खात्री पुरते. दोन गडी बाद असतील तर चित्र पार पालटते. थांबल्यास अवघे ०.५४, पोहोचल्यास १.२५, बाद झाल्यास शून्य. आणि आता शंभरात ४३ वेळा यश येणार असेल तरी पाठवणेच शहाणपणाचे ठरते. तोच माणूस, तोच फटका, तोच क्षेत्ररक्षक. पण बाद गड्यांचा आकडा बदलताच ९६ चे ४३ होतात. तिसऱ्या बेसवर डावातला पहिला किंवा तिसरा बळी कधी देऊ नये, अशी जी जुनी शिकवण अमेरिकेतील लहान मुलांनाही पढवली जाते तिचे मूळ याच कोष्टकात आहे. माझा कॅचर ९६ च्या प्रसंगी धावला होता, आणि तोही चार धावांनी मागे असताना, म्हणजे त्याची एक धाव मिळूनही ज्याचा काही उपयोग नव्हता अशा वेळी.

मग इतके सोपे गणित खेळ रचणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, परंतु या खेळांची मूळ घडणच अशी आहे की तीत धावकाला विचार करावयास जागा उरत नाही. आपल्याकडील शाळकरी मुले मागच्या बाकावर पुस्तकी क्रिकेट खेळतात, त्याची येथे आठवण होते. पुस्तक कुठेही उघडावे, पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक चार असेल तर चौकार, शून्य असेल तर गडी बाद. या खेळात गावसकर कितीदा तरी शून्यावर बाद झाला असेल, पण तो धावबाद झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? पानाचा आकडा आधी निकाल सांगतो. तो कसा घडला हे पाहणारा कोणी नसतोच.

अमेरिकेतील कागदी बेसबॉल याच पद्धतीने वाढले. १९४१ मध्ये इथन ॲलन या माजी खेळाडूने खेळाडूंच्या गोल चकत्या व फिरता काटा घेऊन एक खेळ काढला. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे रिचर्ड साइट्झ यांनी 'ॲप्बा' नावाचा फाशांचा व पत्त्यांचा खेळ विकावयास आरंभ केला. आणि १९६१ मध्ये हॅल रिचमन या तरुणाचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आला. या शेवटच्या खेळात एक फासा बॅटरच्या पत्त्याकडे पाहावयाचे की पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हे ठरवतो आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या पत्त्यावरील ओळ दाखवते. त्या ओळीत एका बेसच्या फटक्यापुढे एक तारा छापला असेल तर सर्व धावकांनी एकेक बेस पुढे जावे, दोन तारे असतील तर दोन बेस जावे, असे फर्मान असते. तारा नसेल तेव्हाच काय तो विचाराला अवसर. आणि तेथे रिचमन यांनी मोठ्या कल्पकतेने दोन आकडे समोरासमोर उभे केले. प्रत्येक धावकाला वीसांपैकी ८ ते १७ यांच्या दरम्यानचा एक आकडा, आणि प्रत्येक बाहेरच्या क्षेत्ररक्षकाच्या फेकीला उणे-अधिक गुणांचा दुसरा. धावकाचा आकडा १४ आणि क्षेत्ररक्षकाचा उणे ३ असेल तर यशाची शक्यता २० पैकी ११. दोन गडी बाद असतील तर, चेंडू टोलवताक्षणीच धावक निघतात म्हणून, त्यात दोनाची भर. हे सारे पाहून पाठवावे की थांबवावे, हे टेबलापाशी बसलेली हाडामासाची दोन माणसे ठरवीत.

कागदी खेळात विवेकबुद्धी पेटीबरोबर विकत घ्यावी लागत नव्हती, ती खेळणारा आपल्याबरोबर घेऊन येत असे. संगणक आला, आणि ती जागा रिकामी झाली. ओहायोमधील ॲक्रन येथे जॉन बर्जेसन यांनी आयबीएमच्या १६२० यंत्रावर १९६० च्या सुमारास बेसबॉल उतरवले. १९७१ मध्ये पोमोना महाविद्यालयात डॉन डॅगलो या विद्यार्थ्याने दुसरा प्रयोग केला. याच डॅगलो यांनी पुढे एडी डॉम्ब्रावर यांच्या साहाय्याने १९८७ मध्ये जो खेळ काढला त्याला बाल्टिमोरचे विख्यात व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांचे नाव होते. आणि ते केवळ वेष्टनावर छापण्यापुरते नव्हते. कोणत्या प्रसंगी आपण काय करता, असे या दोघांनी वीव्हर यांना बसवून विचारले आणि त्या जबान्यांवरून संगणकाचे निर्णय रचले. वीव्हर हे धावकांना उगाच पळवून बळी खर्चण्याच्या विरुद्ध असलेले, दोन माणसे बेसवर असताना एक प्रचंड टोला लागण्याची वाट पाहणारे गृहस्थ. तेव्हा त्या खेळातील यांत्रिक व्यवस्थापकाला एक स्वभाव होता एवढे तरी म्हणता येते. अलीकडचा 'आउट ऑफ द पार्क' हा खेळ, ज्याचा जन्म १९९९ मध्ये बेसबॉल जवळपास कोणी खेळत नाही अशा जर्मनीत मार्कुस हाइन्झोन यांच्या हातून झाला, तो तपशिलाच्या बाबतीत या सर्वांच्या पुढे गेला आहे.

परंतु मुख्य अडचण यंत्राच्या बुद्धीत नसून ते ज्या दप्तरावर पोसले गेले त्या दप्तरात आहे, असे माझे मत आहे. बेसबॉलच्या नोंदपद्धतीचा पाया ज्यांनी घातला ते हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज, आणि बेसबॉलपूर्वी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावपत्रकावरून त्यांनी बेसबॉलचे पत्रक बेतले, आणि त्यात घडलेल्या गोष्टींसाठी रकाने आखले: फटके, धावा, बळी, चुका. न घडलेल्या गोष्टीला रकाना असण्याचे कारणच नव्हते. पिचर आणि बॅटर यांची गाठ पडली की तिचा काही ना काही निकाल लागतोच, आणि तो लिहिला जातो. तिसऱ्या बेसपाशी येऊन जो धावक थांबला, त्याचे थांबणे हा तितकाच जाणूनबुजून घेतलेला निर्णय असूनही शंभर वर्षांच्या पत्रकांत त्याचा मागमूस नाही. जो धावला आणि मेला त्याची निदान खतावणी होते. जो धावला नाही तो दप्तरी जन्मलाच नाही.

जे लिहिले गेले तेही सर्वत्र एका अर्थाने लिहिलेले नाही. पिचर चेंडू फेकत असता पुढचा बेस पळवणे याला बेसची चोरी म्हणतात. पण १८८६ ते १८९७ या काळात दुसऱ्याच्या फटक्यावर एक बेस अधिक गाठला तरी ती चोरीच समजली जाई. सिनसिनाटीच्या ह्यू निकोल यांच्या नावावर १८८७ साली १३८ चोऱ्या आहेत त्या या जमाबंदीतल्या. आता एखाद्या खेळरचनाकाराने हा आकडा आजच्या अर्थाने घेऊन निकोल यांचे प्रतिरूप सिद्ध केले, तर ते बिचारे प्रतिरूप पहिल्या बेसवर येताच दर वेळी चोरासारखे पळत सुटेल, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येईल. चोरीच्या प्रयत्नात किती जण पकडले गेले, याची तर नॅशनल लीगच्या १९२६ ते १९५० या पंचवीस वर्षांची अधिकृत नोंदच नाही. त्या काळातील हंगाम आपल्या टेबलावर पुन्हा खेळवू पाहणाऱ्याने यशाचे आकडे दप्तरातून आणि अपयशाचे अंदाजातून घ्यावयाचे, म्हणजे जमा पक्की आणि खर्च तोंडी, असा हा मामला आहे.

उरते ती बेरीज. रचनाकार बहुधा हंगामाच्या एकूण आकड्यांवर आपल्या यंत्राची पारख करतात. दुसऱ्या बेसवरचा धावक एका बेसच्या फटक्यावर दहांतून सुमारे सहा वेळा घरी येतो. यंत्रातही तसे व्हावयास हवे. वर्षभरात बेसांवर जितके बळी जातात तितके यंत्रातही जावेत. यंत्राची कळ थोडी पिळावी, थोडी सैल करावी, की वर्षअखेरीचा ताळेबंद पैशापर्यंत जुळतो. परंतु प्रत्येक पावती काढून पाहिली तर जो बळी सातव्या डावात, दोन गडी बाद असताना, बरोबरीच्या सामन्यात एखाद्या चपळ तरुणाने द्यावयाचा, तो नवव्या डावात, चार धावांनी मागे असताना, माझ्या कॅचरने दिलेला आढळतो. भाच्याच्या बोलण्यातले अर्धे सत्य ते हेच. चांगल्या खेळांत धावसंख्याही विचारात घेतली जाते हे खरे; पण धावक, फेकणारा हात, चेंडूचे ठिकाण, बाद गडी, डाव, धावफरक, पुढचा बॅटर, या सर्वांचा गुणाकार इतका अफाट होतो की रचनाकाराला कुठे तरी 'संघाची आक्रमकता' असा एकच सरसकट आकडा लावून मोकळे व्हावे लागते, आणि मग बारा प्रकारची माणसे एकाच कायद्याने धावू लागतात. त्यातच वेग आणि अक्कल ह्या दोन निराळ्या चिजा बहुतेक वेळा एका आकड्यात कोंबलेल्या असतात. मंद पायांचा परंतु डोळस धावक आणि हरणासारखा परंतु आंधळा धावक, असे दोघे प्रत्येक संघात असतात हे बेसबॉल पाहणाऱ्यास सांगावयास नको.

येथवर मी फिर्यादीची बाजू मांडली. आता आरोपीच्या वतीनेही काही बोलले पाहिजे, कारण खऱ्या मैदानावर माणसांनी जे केले आहे ते एखाद्या यंत्राने केले असते तर आपण ते यंत्र परत पाठवले असते.

१९२६ हे एकच साल घ्या. त्या वर्षी १५ ऑगस्टला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर बॉस्टनविरुद्ध, तिन्ही बेस भरलेले असताना, बेब हर्मन याने उजवीकडे दणदणीत फटका मारला. तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला. दुसऱ्यावरचा डॅझी व्हॅन्स तिसरा बेस ओलांडून पुढे गेला आणि बिचकून परत फिरला. पहिल्यावरचा चिक फ्यूस्टर तोवर तिसऱ्यावर पोहोचला. आणि मान खाली घालून सुसाट निघालेला हर्मनही तेथेच येऊन थडकला. एका बेसवर एकाच संघाचे तीन पुरुष! पंचांच्या निवाड्याने व्हॅन्स वाचला आणि उरलेले दोघे बाद झाले. कोणत्या संगणकाची हे करण्याची छाती आहे?

त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी, जागतिक मालिकेच्या सातव्या व अखेरच्या सामन्यात, न्यूयॉर्कचे यांकीज सेंट लुइसविरुद्ध ३-२ असे मागे होते. नववा डाव, दोन गडी बाद. बेब रूथ चेंडू सोडून पहिल्या बेसवर आलेला, बॉब म्यूझेल बॅट घेऊन उभा आणि त्याच्यामागे लू गेरिग तयारीत. अशा क्षणी, आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ टोलेबाज म्हणून गाजलेला हा धिप्पाड मनुष्य दुसरा बेस चोरावयास निघाला. बॉब ओफॅरेल याने चेंडू रॉजर्स हॉर्न्सबीकडे फेकला, रूथ बाद झाला, आणि जागतिक मालिका तेथेच संपली. हा प्रसंग माझ्या पडद्यावर घडता तर मी रात्री दोन वाजता भाच्याला उठवले असते. आणि तरीही शांतपणे पाहिले तर तो निर्णय लोक मानतात तितका वेडगळ नव्हता: दोन गडी बाद असताना पहिल्या बेसवरून घरी यावयास मोठा फटका लागतो, दुसऱ्यावरून साधा पुरतो. आयुष्यात १२३ चोऱ्या साधणारा आणि ११७ वेळा पकडला गेलेला माणूस ती करावयास निघाला, एवढाच त्यात दोष.

याच्या उलट, १५ ऑक्टोबर १९४६ रोजी सेंट लुइसच्या मैदानावर, पुन्हा सातव्या सामन्यात, ३-३ अशी बरोबरी असताना, आठव्या डावात दोन गडी बाद झाल्यावर, ईनॉस स्लॉटर हा पहिल्या बेसवरून चेंडू सुटताच निघाला तो हॅरी वॉकरच्या फटक्यावर २७० फूट धावून थेट घरी आला; बॉस्टनचा जॉनी पेस्की मधे चेंडू घेऊन क्षणभर घुटमळला की नाही, यावर पुढे आयुष्यभर वाद झाले. सेंट लुइसने तो सामना व मालिका जिंकली, म्हणून त्या धावेला इतिहासात शौर्य म्हणतात. दहा फूट अलीकडे चेंडू आला असता तर तीच धाव मूर्खपणाच्या यादीत गेली असती.

हे प्रसंग अपवाद म्हणूनच प्रसिद्ध झाले. नित्याची वहिवाट मात्र भिऊन वागण्याची आहे. वरील कोष्टकाप्रमाणे दोन गडी बाद असताना शंभरात ४३ची आशा असली तरी धावकाला पाठवणे योग्य. प्रत्यक्षात तिसऱ्या बेसचे कोच ज्यांना होम प्लेटकडे पाठवतात ते दहांत नऊहून अधिक वेळा सुखरूप पोहोचतात, म्हणजेच केवळ बिनधोक प्रकरणेच ते मंजूर करतात. कारण उघड आहे. पाठवलेला माणूस बाद झाला की हजारो डोळे कोचावर वळतात. थांबवलेला माणूस पुढच्या बॅटरच्या अपयशाने तेथेच राहिला, तर दोष त्या बॅटरचा. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्य काढले आहे त्याला हा न्याय समजावून सांगावा लागणार नाही. तेव्हा रचनाकारापुढे मोठा पेच पडतो. त्याने यंत्राला कोष्टक शिकवले, तर ते गणिताने बरोबर आणि दिसावयास अवास्तव वागेल. माणसाची भीती शिकवली, तर गणिताने चुकेल आणि वास्तव दिसेल. माझा कौल भीतीच्या बाजूने आहे. ज्या खेळाने बेसबॉलचे चित्र काढण्याचे पत्करले, त्याने तिसऱ्या बेसजवळच्या त्या माणसाचे पोटात गोळा येणेही काढले पाहिजे. आणि चुका करावयाच्याच तर रूथने केल्या तशा कराव्यात, माझ्या कॅचरने केली तशी नव्हे.

दप्तराची उणीव आता भरून येत आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी स्थापन केलेल्या 'रेट्रोशीट' या संस्थेने जुन्या सामन्यांची घटनावार टिपणे गोळा करून खुली केली, आणि २०१५ पासून सर्व मोठ्या मैदानांवर बसवलेल्या 'स्टॅटकास्ट' यंत्रणेमुळे कोण सेकंदाला किती फूट धावतो हे मोजले जाऊ लागले. सामान्य धावक २७ फूट, अव्वल ३० च्या घरात. पण दप्तर भरेपर्यंत खेळच पालटतो. २०२३ मध्ये बेसांची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच केली, पिचरने धावकाला दबकावण्याच्या संधींवर मर्यादा घातली, आणि आदल्या वर्षीच्या २,४८६ यशस्वी चोऱ्या एका हंगामात ३,५०३ झाल्या. आदल्या वर्षाच्या आकड्यांवर बेतलेले प्रत्येक यंत्र त्या उन्हाळ्यात जुनाट ठरले असणार.

शेवटी एक सामना सांगतो. २९ ऑक्टोबर २०१४, कॅन्सस सिटी, पुन्हा जागतिक मालिकेचा सातवा सामना. यजमान रॉयल्स ३-२ असे मागे; नववा डाव, दोन गडी बाद; समोर सॅन फ्रान्सिस्कोचा मॅडिसन बमगार्नर, ज्याला त्या रात्री कोणी हात लावू शकत नव्हते. ॲलेक्स गॉर्डनने मध्यभागी फटका मारला. ग्रेगर ब्लँकोच्या हातून तो निसटून मागे गेला, भिंतीपाशी हुआन पेरेझच्याही हातात तो क्षणभर ठरेना, आणि तेवढ्यात गॉर्डन तिसऱ्या बेसपाशी आला. कोच माइक जर्शेली यांनी दोन्ही हात वर केले. मधल्या टप्प्यावर ब्रँडन क्रॉफर्डच्या हाती चेंडू आलेला होता आणि त्याचा हात चांगला होता. तिसऱ्या बेसवरून, दोन गडी बाद असताना, धाव येण्याची आशा चारांत एकीच्या आसपास. तेव्हा गॉर्डन चारांत एकदा जरी पोहोचला असता तरी पाठवणे तुल्यबळ होते. जर्शेली यांना तेवढीही आशा दिसली नाही, आणि ती खरोखर होती की नाही यावर अमेरिकेत महिनोन् महिने खल झाला. पुढच्या साल्व्हादोर पेरेझने चेंडू उंच उडवला, तिसऱ्या बेसच्या बाहेर पाब्लो सँडोव्हालने तो झेलला, आणि मालिका संपली.

त्या सामन्याचे अधिकृत पत्रक आजही पाहावयास मिळते. त्यात गॉर्डनच्या नावे एका बेसचा फटका आहे, ब्लँकोच्या नावे एक चूक आहे, आणि रॉयल्सच्या शेवटच्या डावापुढे बेसवर शिल्लक, एक, असे लिहिले आहे. जर्शेली यांच्या हातांसाठी त्यात रकाना नाही.